शेवंताच्या वजनाचा माल

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव निवास. भोळा म्हणजे अडाणी नव्हे, अडाणी माणूस निदान चार जणांना विचारून तरी करतो. निवास शिकलेला भोळा होता. तो शहरात जाऊन संगणकाचा कोर्स करून आला होता, आणि त्या काळी संगणक इतके कमी होते की तो येणाऱ्याला कोणी उलट प्रश्न विचारत नसे.

निवास सांगाल तेवढंच करायचा. आईने एकदा सांगितलं, पाहुणे आले की मला हाक मार. पाहुणे आले. आई गेली होती माहेरी. निवास उंबऱ्यात उभा राहून संध्याकाळपर्यंत आईला हाका मारत होता आणि पाहुणे बाहेर ऐकत उभे होते. कोर्सचे सर त्याला म्हणायचे, बाळा, तू आणि हे यंत्र एकाच मातीचे आहात. निवासला ती शाबासकी वाटायची.

त्या मुलखात न्यू चंद्रिका सर्कस गावोगाव फिरायची. मालकीण अक्काताई. तरुणपणी त्या झुल्यावर असायच्या, पुढे अंग सुटल्यावर गल्ल्यामागच्या खुर्चीवर. सर्कस दहा ट्रकांतून जायची आणि ट्रक भरायची पद्धत एकच होती, अक्कांचा आवाज. अक्का मैदानात मधोमध उभ्या राहून ओरडायच्या आणि खांब, पिंजरे, पोपट, विदूषक सगळे मुकाट आपापल्या जागी जाऊन बसायचे. एक दिवस तो आवाजच बसला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर ओरडायचं नाव काढायचं नाही, कुजबुजलात तरी खूप.

आणि नेमकं हेच वर्ष अवघड होतं. आधीचा हंगाम पार बुडाला होता. आता हिवरखडीची जत्रा साधली तर ठीक, नाहीतर शेवंता विकावी लागणार होती. शेवंता म्हणजे सर्कशीतली हत्तीण. अक्कांनी तिला लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. एक बागायतदार तिच्यावर टपून होता, त्याला बंगल्याच्या फाटकाशी बांधायला काहीतरी भारदस्त हवं होतं. अक्का याविषयी बोलायच्या नाहीत, पण शेवंताला गूळ चारताना त्यांचे डोळे भरून यायचे.

अशा वेळी कोणीतरी अक्कांना सांगितलं की आता संगणक ट्रक भरून देतो. खरं तर असा संगणक तेव्हा कुणीच पाहिला नव्हता. पण न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास लवकर बसतो. अक्कांनी निवासला ठेवून घेतलं.

निवासने तिकिटाच्या गाडीत संगणक मांडला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि करकर करत कागद ओकणारा एक छापखाना. त्या यंत्राला जगात फक्त खोकीच कळायची. लांबी, रुंदी, उंची आणि वजन सांगा, ते खोक्यात खोकं बसवून देणार. म्हणून निवासने टेप घेऊन सर्कशीतल्या सगळ्यांची मापं घेतली. विदूषकाचं माप त्याच्या टोपीसकट घेतलं. शेवंताचं सोंड वर करून एकदा आणि खाली करून एकदा घेतलं. सिंहाचं माप सिंहाने दिलं नाही, म्हणून ते पिंजऱ्याचं घेतलं.

पहिला प्रवास झाला. यंत्राने सगळी खोकी अशी चपखल बसवली की बोट शिरायला जागा राहिली नाही. फक्त हसऱ्या आरशांवर लोखंडी खांब आले होते. तोवर त्या आरशांत माणूस जाडा नाहीतर बारीक दिसायचा, आता तुकड्यातुकड्यांत दिसायला लागला.

"आरं शाण्या," अक्का कुजबुजल्या, "जड खाली अन् हलकं वर, येवढं बी कळत न्हाई?"

"तुमी सांगितलं नव्हतं, अक्का."

"आता सांगते. जड खाली, हलकं वर."

"बरं. घालतो."

निवासने ते प्रोग्रॅममध्ये घातलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, नियम मान्य.

दुसऱ्या गावाला निघताना यंत्राने जड ते हलकं अशी रांग लावली. सगळ्यात जड कोण, तर शेवंता. म्हणून ती खाली. तिच्यावर तंबू. तंबूवर खुर्च्या. खुर्च्यांवर बँडवाले, आणि सगळ्यात वर पोपट. शेवंता सोशीक. तिने सगळं अंगावर घेतलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि खाली बसली. मग ट्रकही बसला. फक्त पोपटांना प्रवास आवडला.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "आरं, ती जित्ती हाय रं. जित्ता माल येगळ्या गाडीत, निर्जीव माल येगळ्या गाडीत."

"तुमी सांगितलं नव्हतं, अक्का."

"आता सांगितलं न्हवं का?"

"बरं. घालतो."

नियम मान्य. तिसऱ्या गावाला जाताना सगळा जिता माल एकत्र गेला. घोडे, शेळ्या, सिंह आणि बँडवाले. पिंजऱ्यात एकटा सिंह आणि एवढी मोकळी जागा पाहून यंत्राने त्यात शेळ्या बसवल्या. बँडवाले रस्ताभर न थांबता वाजवत होते, कारण वाजवणं थांबलं की सिंह त्यांच्याकडे बघायचा. चार शेळ्या चढल्या होत्या, तीन उतरल्या.

"एक शेळी कुटं गेली?" अक्कांनी विचारलं.

"हायच की, अक्का. सिंहात हाय. उलट तेवढी जागा वाचली."

अक्कांचा जो काही आवाज उरला होता तोही त्या दिवशी अर्धा गेला. त्या म्हणाल्या, "खाणारा आणि ज्याला खायाचं तो, एका गाडीत घालायचे न्हाईत. ध्यानात ठेव."

"ध्यानात कशाला, प्रोग्रॅममध्ये ठेवतो."

चौथ्या गावाला जाताना सिंह एकीकडे, शेळ्या दुसरीकडे. अक्का खूश झाल्या. पण घोडे गवत खातात, म्हणून घोडे पहिल्या ट्रकमध्ये आणि गवत नवव्यात. माणसं भाकरी खातात, म्हणून स्वयंपाकी पुढे आणि भाकरी मागे. शेवंता गूळ खाते, तिचा गूळ तर तिच्यापासून सगळ्यात लांब गेला. ड्रायव्हर तंबाखू खातात. दहा ड्रायव्हरांच्या दहा पुड्या खिशातून काढून दहाव्या ट्रकमध्ये कुलपात ठेवण्यात आल्या, आणि दहाव्या ट्रकवर त्या दिवसापुरता तंबाखू न खाणारा विदूषक बसवण्यात आला.

घाटाच्या पायथ्याशी पुढे निघालेल्या गाड्या थांबल्या. बाबालाल म्हणून सगळ्यात जुना ड्रायव्हर होता, तो खाली उतरून दगडावर बसला आणि म्हणाला, "पुडी आल्याबगार चाक फिरायचं न्हाई." मग दहावा ट्रक येईपर्यंत सर्कस रस्त्याच्या कडेला बसून राहिली. गवताच्या आणि दाण्याच्या गोण्या आल्या, पण निवास त्या उतरू देईना. कागदावर सातवी लिहिलेली गोणी चौथीच्या जागी होती. तो सातवी शोधत होता आणि घोडे त्याच्या सदऱ्याकडे आशेने पाहत होते.

तेव्हा अक्कांनी तो नियम सांगितला. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं, म्हणून तो नीट ऐकून ठेवा. अक्का म्हणाल्या, "आरं, गोणीला काय नावगाव असतंय? ही काय अन् ती काय? वजन भरलं की माल पोचला."

"कसलाबी माल?"

"कसलाबी. वजन भरलं, माल पोचला. झालं."

निवासला हा नियम फार आवडला. यंत्रालाही आवडला असावा, त्या दिवशी हिरवी अक्षरं नेहमीपेक्षा लवकर उमटली.

आणखी एक नियम राहिला. छापखान्याची शाईची फीत संपली, तेव्हा निवासने ती आणायला अख्खा ट्रक शहरात धाडला. फीत ड्रायव्हरच्या वरच्या खिशात मावली. अक्का म्हणाल्या, "डिझेल काय झऱ्याला लागलंय? रिकामी गाडी पळवायची न्हाई." पुढच्या वेळी जनावरांच्या डॉक्टरला आणायला ट्रक गेला तो दगडांनी गच्च भरून गेला. डॉक्टर दगडांवर बसून आले आणि आल्या आल्या त्यांनी आधी स्वतःची कंबर तपासली.

असे सगळे नियम शिकून प्रोग्रॅम शहाणा झाला. लोकही त्याला मानायला लागले. कागदावर छापून आलेलं चुकीचं असूच शकत नाही, असं आता बाबालालसुद्धा म्हणायचा.

सर्कस हिवरखडीला पोचली. तंबू उभा राहिला. झेंडे लागले. आणि त्याच दिवशी एसटीचा संप झाला. जत्रेला माणूस येणार कसा? पहिल्या खेळाला तंबूत जत्रा कमिटीचे अध्यक्ष आणि त्यांचे मेहुणे एवढेच होते, दोघेही फुकट. बागायतदार मात्र स्वतःच्या जीपमधून आला. त्याने शेवंताभोवती एक चक्कर मारली आणि फाटकाची उंची तिला पुरेल का, याचा अंदाज घेतला.

अक्का शेवंताच्या पायाशी बसल्या. "हिला जाऊ द्यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "ट्रक रिकामे हाईत. आसपासच्या वाड्यांतनं माणसं भरून आण. खेळ झाला की परत सोड."

आता माणसांचा माल आला. निवासने दहा ट्रक वाड्यावाड्यांतून फिरवले. माणसं जिती, म्हणून एका गाडीत चालतील. पण खाणारा आणि ज्याला खायचं तो एकत्र नको. म्हणून निवासने प्रत्येक वाडीत जाऊन सरळ विचारलं, "इथं कोण कोणाला खातं?"

लोकांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग रांग लागली. पतपेढीचे चेअरमन पहिल्या ट्रकमध्ये गेले, ठेवीदार दुसऱ्यात. रेशन दुकानदार तिसऱ्यात, आणि कार्डवाले उरले तिथे. एका वाडीत खाणाऱ्यांसाठी वेगळा ट्रक लावावा लागला, आणि तो पुरला नाही.

पण माणसं आली. जत्रेचे सगळे दिवस तंबू फुल्ल होता. बागायतदाराला तिकीट काढून मागच्या रांगेत बसावं लागलं. अक्कांनी शेवंताच्या गळ्यात हात टाकले आणि त्या रडल्या. मग निवासच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "लेकरा, वाचवलंस." निवासने हेही प्रोग्रॅममध्ये घालावं का, असं विचारलं. त्या नको म्हणाल्या.

इथे थांबला असता तर तो निवास कसला.

शेवटच्या दिवशी माणसं परत सोडायची होती. नऊ ट्रक नीट गेले. दहावा ट्रक वाळखडवाडीचा. ही पन्नास उंबऱ्यांची वाडी, आणि त्या ट्रकमधून तिथलं भजनी मंडळ आलं होतं, टाळ-मृदंगासकट चाळीसेक गडी. येताना साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रकचं वजन झालं होतं. निघायची वेळ झाली तरी मंडळ जत्रेत जिलेबी खात होतं. यंत्राने कागद ओकला, दहावी गाडी, एवढं वजन, आत्ता निघायची. रिकामी गाडी पळवायची नाही. निवासने आजूबाजूला पाहिलं. तेवढ्याच वजनाचा, जिता, कोणालाही न खाणारा माल समोरच उभा होता. शिवाय एकच नग, चढवायला सोपा.

अक्का जरा पडल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा शेवंताच्या ट्रकमध्ये मंडळ बसलं होतं. वजन भरायला तेच होतं.

"शेवंता कुटं हाय?"

"पोचली, अक्का. वाळखडवाडीला. वजन बरोबर हाय."

अक्कांनी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. त्यांनी हातानेच त्याला ट्रककडे ढकललं. जा आणि शेवंताला आण.

निवास गाडीत दगड भरून गेला. वाडीने शेवंताला हळदकुंकू लावून देवळापुढे बांधलं होतं. निवास म्हणाला, "हत्तीण द्या, तुमचं भजनी मंडळ परत देतो." वाडीने विचार केला. मंडळ रोज पहाटे कर्णा लावायचं. हत्तीण पहाटे गप्प असायची. वाडी म्हणाली, राहू द्या, आहे ते बरं आहे. फक्त बायका म्हणाल्या, आम्हाला तरी एकदा आमची माणसं बघू द्या. झालं. रिकामी गाडी पळवायची नव्हतीच. निवासने बायका मोजून चढवल्या आणि काट्यावर तोलून आणल्या.

"वजन बरोबर हाय, अक्का. शेवंताएवढंच."

अक्कांनी त्याला परत धाडलं. आता वाडीत म्हातारी माणसं आणि पोरं उरली होती. चूल पेटवणारं कोणी नव्हतं. ती आपणहून ट्रकमध्ये येऊन बसली. वजन थोडं कमी भरलं, तेव्हा निवासने पुजाऱ्याला घंटेसकट घेतलं.

"वजन बरोबर हाय, अक्का."

आता सगळी वाडी सर्कशीत आणि वाडीत एकटी शेवंता. मंडळ रोज पहाटे सिंहाच्या पिंजऱ्यापुढे कर्णा लावायला लागलं. सिंहाने खाणं सोडलं.

शेवटी अक्का स्वतः निघाल्या. बाबालाल चाकावर, मध्ये निवास, खिडकीला अक्का. रिकामी गाडी पळवायची नाही म्हणून निवासने आक्षेप घेतला, पण अक्कांकडे पाहून म्हणाला, चालेल, गाडी रिकामी नाही.

वाळखडवाडीत शेवंता कुणाच्या तरी उसात उभी होती. अक्का दिसताच धावत आली. सोंड त्यांच्या खांद्यावर टाकून ती कितीतरी वेळ उभी राहिली, आणि अक्का तिला ओंजळीने गूळ चारत राहिल्या. मग शेवंता स्वतःहून ट्रकमध्ये चढली.

परतीच्या वाटेवर कारखान्याचा काटा लागला. कारखाना हंगाम संपल्यामुळे बंद, भोवती चिटपाखरू नाही, काटा मात्र चालू. निवासने ट्रक काट्यावर घेतला. वजन जास्त भरलं. त्याने कागद पाहिला, काटा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. शेवंताचं जेवढं वजन हवं त्यापेक्षा माल जादा होता.

तेवढ्यात शेवंताची साखळी सैल झालीय का, हे बघायला अक्का खाली उतरल्या.

काटा हलला आणि बरोबर वजनावर येऊन थांबला. इतकं बरोबर वजन निवासने आजवर पाहिलं नव्हतं. त्याला भरून आलं.

"बाबालालचाचा, भरलं. हाणा."

"अन् अक्का?"

"अक्का वजनात बसत न्हाईत."

"प्रोग्रॅम म्हनतोय व्हय?"

"व्हय."

"मग बरोबर असंल," बाबालाल म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

अक्का मागून धावल्या. ओरडता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हात हलवले. निवासने खिडकीतून मागे पाहिलं आणि त्यानेही आनंदाने हात हलवला. शेवंताने सोंड वर केली आणि ती वळणापर्यंत तशीच धरली.

ट्रक सर्कशीत पोचला. सगळे गोळा झाले. विदूषकाने विचारलं, "अक्का कुठंयत?"

"त्या जादा भरत होत्या," निवास म्हणाला.

तर शेवंता सर्कशीत सुखरूप आहे, वाळखडवाडी सर्कशीत सुखरूप आहे, आणि काट्यावरून चालत माघारी गेलेल्या अक्का वाळखडवाडीत एकट्याच आहेत. गेल्या पंचायतीला तिथे त्या बिनविरोध निवडून आल्या. प्रोग्रॅमच्या हिशोबाने सगळा माल पोचला.